जेवून आलात का?

नांदेडच्या एका रक्तपेढीत मी तंत्रज्ञ म्हणून आयुष्य काढलं. त्या आयुष्यात लोकांना सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "जेवून आलात का?" घरी आलेल्या पाहुण्याला मात्र मी हे विचारायला विसरते, असा आमच्या ह्यांचा जुना आरोप आहे. खराही असेल. दिवसभर अनोळखी माणसांच्या पोटाची चौकशी करून घरी आलं की तोंडाला कुलूप लागायचं. माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, चाकूरचं. तिकडच्या लोकांना माझी नोकरी कधी नीट कळलीच नाही. एक आत्या लग्नकार्यात माझी ओळख करून द्यायची ती अशी, "ही आमची नांदेडची. माणसाचं रक्त काढती, पण सोभावानं लई गरीब हाय."

रक्त द्यायला येणारी माणसं हा एक स्वतंत्र विषय आहे. लातूरकडचा एक पैलवान दंडाला तेल लावून आला होता. सुई अजून पाकिटात होती, तेवढ्यात त्यानं डोळे पांढरे केले. त्याला उचलायला आम्ही चौघं लागलो. सासऱ्याला रक्त द्यायचं म्हटल्यावर एक जावईबापू "गाडी लावून येतो" म्हणाले, ते अजून गाडीच लावत असतील. आणि याच्या उलट आमची क्लासची पोरं. नांदेड काय, लातूर काय, डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांनी ही गावं भरलेली आहेत. ही पोरं स्वतः परीक्षेनं अर्धमेली झालेली असतात, पण अडल्यानडल्याला फोन केला की दोन-दोन मोटारसायकली भरून हजर. त्यांच्या जिवावर आमच्या पेढीचे कितीतरी दिवस निघाले.

जेवणाचा प्रश्न मी का विचारायची, ते आधी सांगते. उपाशी माणसाचं रक्त काढलं तर त्याला चक्कर येते, मग त्यालाच सांभाळत बसावं लागतं. आणि मटणबिटण, तेलकट-तुपकट खाऊन आला तर रक्तातलं पिवळं पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते रोग्याला देता येत नाही. म्हणजे खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, अशा बाण्याचा माणूस आमच्या काही कामाचा नाही. आम्हाला साधी भाजीभाकरी खाऊन आलेला माणूस लागतो. हे सांगून सांगून माझा घसा बसला. तरी एका श्रावणात माझ्यासमोर एक जीप भरून माणसं आली आणि त्यांत एकही भाजीभाकरी खाल्लेला नव्हता. तीच हकीकत सांगायची आहे.

प्रज्ञा ही कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी. दुसरीतली. वडील अनिल गवंडीकाम करणारे, आई सविता रोजंदारीला जाणारी. पोरीचा ताप हटेना, अंगावर निळे डाग दिसायला लागले, म्हणून तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. मुंबईला नेऊन पक्कं निदान झालं, तिथल्या डॉक्टरांनी औषधांचा सगळा क्रम ठरवून दिला आणि पुढची इंजेक्शनं नांदेडात सुरू झाली. लहान मुलांचा हा कॅन्सर बऱ्याचदा पुरता बरा होतो, हे डॉक्टरांनी अनिलला समजावून सांगितलं होतं. पण तो शब्द एकदा कानात गेला की त्याच्यामागचं काही ऐकू येत नाही. पहिल्यांदा तो आमच्या खिडकीशी आला तेव्हा हातातला कागद उलटा धरून उभा होता. मी म्हटलं, "दादा, कागद इकडं द्या आणि बसा." तो बसला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "गावात कुनाला सांगायलो न्हाई ताई. लोक पोरीला जवळ घ्यायचे न्हाईत."

नवऱ्याचं हे धोरण सविताला पटलं नाही. वर्षावास चालू होता. पावसाळ्याचे तीन महिने त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी वंदना होते आणि ग्रंथवाचन होतं. एका संध्याकाळी वाचन संपल्यावर ही बाई उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या प्रज्ञाला कॅन्सर झालाय. शिवल्यानं लागत न्हाई. डॉक्टरला इचारून आले." मग दशरथमामा उठले. मामा म्हणजे विहारात वंदना घेणारे, वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे. ते म्हणाले, "बस खाली, पोरी. आता ही तुज्या एकटीची न्हाई." दुसऱ्या दिवसापासून वस्तीतलं कुणी ना कुणी पाळीपाळीनं दवाखान्यात दिसायला लागलं. सविताची शेळी कुणी सांभाळली, घरची चूल कुणी बघितली, हे तिलाही धड ठाऊक नव्हतं.

मामांनी परित्राण पाठ, म्हणजे रक्षणाची सुत्तं, म्हणून पांढरा दोरा आणला होता, पोरीच्या मनगटाला बांधायला. सिस्टर म्हणाली, मनगटाला सुई लावलेली आहे, दोरा नको, जंतू जातील. मामा विचारात पडले. मग त्यांनी तो दोरा सलाईनच्या स्टँडला बांधला आणि म्हणाले, "पानी हितूनच जातंय ना तिच्या अंगात? मंग झालं." सिस्टर हसली. तो दोरा पुढं सगळ्या उपचारांत त्या स्टँडला होता, सफाईवाल्या बाईसुद्धा तो सांभाळून स्टँड पुसायच्या.

कॅन्सरच्या औषधांनी वाईट पेशी मरतात, तशा चांगल्याही मरतात. त्यांत प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी असतात. आपल्याला कापलं की रक्त थांबवतात त्या ह्याच. गळक्या हौदाला चिंध्या कोंबाव्यात, तसं त्यांचं काम. त्या कमी झाल्या की मार न लागताही रक्त येतं, हिरड्यांतून, नाकातून, आणि नशीब फिरलं तर मेंदूत. प्लेटलेट बाहेर पाचच दिवस टिकतात, त्याही फ्रीजमध्ये नाही, सारख्या डुलणाऱ्या ट्रेमध्ये. साठा करून ठेवीन म्हटलं तरी जमत नाही. म्हणून ऐनवेळी ताजा माणूस लागतो. त्याला मशीनला जोडायचं. मशीन त्याचं रक्त घेतं, गरगर फिरवतं, प्लेटलेट तेवढ्या काढून घेतं आणि बाकीचं रक्त त्याचं त्याला परत देतं. दीडेक तासाचं काम. माणूस मात्र धडधाकट, जुळत्या गटाचा आणि जेवलेला हवा.

तो दिवस श्रावणी सोमवारचा. पौर्णिमाही त्याच दिवशी आणि राखीही. सकाळी वॉर्डातून निरोप आला की प्रज्ञाच्या नाकातून रक्त येतंय, थांबत नाही, प्लेटलेट पार तळाला गेल्यात. डॉक्टर स्वतः खाली आले. "दुपारच्या आत पिशवी पाहिजे. उशीर झाला आणि डोक्यात रक्तस्राव झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही." आमचे ट्रे रिकामे डुलत होते. मी क्लासच्या पोरांना फोन लावले. एक लातूरला, एक किनवटला, एक उदगीरला, सगळे बहिणीकडं राखी बांधून घ्यायला! शेजारच्या पेढीतही नन्नाचा पाढा. शेवटी अनिलनं गावाकडं मामांना फोन केला. विहाराच्या भोंग्यावर तेव्हा वंदना चालू होती. मामांनी ती थांबवून भोंग्यावरच सांगितलं, "प्रज्ञाला रगत पायजे. ज्याला ज्याला जमंल त्यानं जीपपाशी या."

जीप पावणेबाराला आमच्या दारात येऊन उभी राहिली. काय ते दृश्य! चिखलानं माखलेली गाडी, टपावर दोघं, मागं लोंबकळत दोघं, आत किती ते मोजूच नये. बहुतेकांच्या अंगावर पांढरे कपडे. सगळ्यात पुढं दशरथमामा बाही वर सरकवतच उतरले. "घ्या ताई. माज्यापासून सुरू करा." मी म्हटलं, "बसा सगळे. जेवून आलात का?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"आज पौर्णिमा हाय ताई," मामा म्हणाले. "समद्या वस्तीनं अष्टशील घेतलंय. प्रज्ञासाठीच घेतलंय. दरवेळी आमी चार म्हातारे असतोत, यावेळी तरन्या पोरायनीबी धरलं."

मी कपाळाला हात लावला आणि त्यांच्यावर ओरडलेच. जिच्यासाठी उपास धरला, तिलाच त्या उपासानं रक्त मिळणार नव्हतं! माझा चढा आवाज ऐकून मामांनी विचारलं, "तुमी जेवला का, ताई?" आता काय सांगू? चाकूरच्या शेतकरी घरात वाढलेली मी, श्रावणी सोमवार हाडात मुरलेला. सकाळपासून नुसत्या चहावर उभी होते. म्हटलं, "मला सोमवार आहे." मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळीच हसली, मीसुद्धा.

मामांनी त्यांचा नियम मला सांगितला. अष्टशील म्हणजे आठ नियमांचं व्रत, त्यात बाराच्या आत जेवता येतं, बारा वाजल्यावर अन्न वर्ज्य. जेवण विहारात शिजून तयार होतं, पण फोन आला तसे सगळे ते तसंच झाकून निघाले. मी म्हटलं, "अहो मग अजून वेळ आहे, पळा कॅन्टीनला!" ते उठलेही. तेवढ्यात जीपचा ड्रायव्हर मुनीरभाई पुढं आला. हा मात्र उपाशी नव्हता. "लेव ना मॅडम, कित्ता पायजे उत्ता लेव," असं म्हणत त्यानं हात पुढं केला. हात कसला, मोटंचा नाडाच! शिरा अशा टरारलेल्या की आंधळ्यालाही सापडाव्यात. गट बघितला, जुळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणूस मिळाला म्हणून बाकीचे निवांत खाली टेकले, कॅन्टीनकडं कुणी गेलंच नाही. मी त्याच्या रक्ताचा नमुना तपासायला लावला, नळी मशीनमध्ये फिरवून बाहेर काढली आणि बघतच राहिले. वर पिवळं पाणी दिसायला हवं, तिथं चक्क ताक!

"मुनीरभाई, सकाळी काय खाल्लं?"

"पाये खाया मॅडम. राखी का दिन है, सवारी भोत रैती, खाने को टाईम मिलता नै. सुबूच दबा के खा लिया." बकऱ्याच्या पायांचा तो तेलकट रस्सा! मुनीरभाईचं तोंड एवढंसं झालं. बाहेर जीपपाशी जाऊन तो बोनेटवर बुक्क्या मारत उभा राहिला, त्याला धरून आणावं लागलं.

मग धावपळ. सगळ्यांचे गट, हिमोग्लोबिन, वजन. आमची मुलं नळ्या घेऊन पळत होती, मी नावं ओरडत होते. बायांच्या अंगात मुळातच रक्त कमी, त्यांना हात जोडले. मामांचा नंबर आला तेव्हा मी वय विचारलं आणि त्यांनाही नाही म्हटलं. "तुमचं वय बसत नाही, मामा." ते चिडले. "वझं उचलायला बसतंय, मत द्यायला बसतंय, आन् हितंच बसत न्हाई कामून?" पण नियमाला माझा इलाज नव्हता. ते एका कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. सगळ्यांतून एकटा टिकला तो सिद्धार्थ. अनिलच्या शेजारचा, सेंट्रिंगची कामं करणारा, सडसडीत पण दणकट. गट जुळला, प्लेटलेट भरपूर, बाकीच्या तपासण्या साफ. फक्त पोट रिकामं. आणि बारा केव्हाच वाजून गेले होते.

सरबत चालतं म्हणे त्यांना बारानंतर. पण नुसत्या सरबतावर मी त्याला दीड तास मशीनला कशी जोडणार? अर्ध्यात भोवळ आली तर पिशवीही जायची. मी सांगितलं, जेवावंच लागेल. सिद्धार्थचा चेहरा उतरला. "ताई, मी जल्मात पयल्यांदा धरलंय. तिच्यासाठी धरलंय. मोडलं आन् तिला काई झालं, तर मला वाटत राहील ना, माज्यामुळं झालं म्हनून?" वरून सिस्टरचा पुन्हा फोन आला. रक्त अजून थांबलेलं नव्हतं.

तोवर बातमी वॉर्डभर झाली होती. शेवंताबाई डबा घेऊन खाली आल्या. त्या माझ्याच चाकूरकडच्या, शेतकरी घरातल्या, त्यांचा मुलगा प्रज्ञाच्या पलीकडच्या खाटेवर. त्यांचा स्वतःचा सोमवार, पण नवऱ्यासाठी आणि दिरासाठी नातेवाइकांच्या शेडमध्ये स्टोव्हवर भाकऱ्या केलेल्या. त्यांचा मुलगा पुढं राहिला नाही. त्या बाईला नंतर मी कधी भेटायला गेले नाही, जायला हवं होतं. त्या दिवशी त्यांनी डबा बाकावर उघडला. ज्वारीच्या भाकऱ्या, बिनफोडणीचं वरण, दोडक्याची भाजी. "खा रं लेकरा," त्या म्हणाल्या. "आमच्यातलं हाय म्हनून मनात आनू नको." सिद्धार्थ म्हणाला, "तसं न्हाई मावशी," आणि हात मागंच ठेवून मामांकडं बघायला लागला.

आता सगळेच मामांकडं बघत होते. सविता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी होती, तिच्या पदराला रक्ताचे डाग होते. मामांनी आयुष्यभर एकही पौर्णिमा मोडली नव्हती, हे नंतर मला त्यांच्याच लोकांनी सांगितलं. तापात नाही, पोराच्या लग्नात नाही. मला वाटलं, आता हे काहीतरी उपदेश करतील. उपदेश-बिपदेश काही नाही. ते कोपऱ्यातून चालत आले, बाकावर मांडी घातली, भाकरीचा मोठा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि सगळ्यांच्या देखत तोंडात घातला. चावून, गिळून मग म्हणाले, "माजं रगत तर हे घेईनात. एवढं तरी माजं लागू द्या पोरीला. ये सिद्धार्था, बस. काई झालंच तर पयलं मी मोडलंय म्हनून सांग."

सिद्धार्थ त्यांच्या शेजारी बसला आणि जेवला. मग सगळेच जेवायला बसले! ज्यांचं रक्त चालणार नव्हतं त्या बायासुद्धा. मामा एकटे पडू नयेत म्हणून. शेवंताबाई भाकरीचे तुकडे वाटत सुटल्या. दुसऱ्या नातेवाइकांनी आपापले डबे आणले. कुणाची मेथी, कुणाची शेंगाचटणी. मामांनी एक तुकडा माझ्यापुढं धरला. "ताई, तुमचा महादेव काई म्हनायचा न्हाई." मी तो घेतला. उभ्या-उभ्या खाल्ला, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात मात्र मशीनची नळी लावत होते. रक्तपेढीत खायचं नाही हा माझाच नियम होता.

सिद्धार्थला मशीनला जोडलं. थोड्या वेळानं तो घाबरून म्हणाला, "ताई, ओठाला मुंग्या यायल्यात. मोडल्यामुळं व्हय?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, रक्त गोठू नये म्हणून मशीन औषध घालतं, त्याच्यानं. ही गोळी चघळ." त्यानं ती गोळी इतक्या भक्तिभावानं चघळली की मला हसू आवरेना. बाहेर मुनीरभाई दर पाच मिनिटांनी दार ढकलून विचारत होता, "निकला क्या?" पिशवी हळूहळू भरत गेली. छान, गर्द पिवळी, कुठंही दुधाळपणा नाही. ती तयार झाली तेव्हा मी कुणाच्या हाती दिली नाही. गुडघे दुखत असतानाही स्वतः जिना चढून वर घेऊन गेले.

पिशवी लावली, तशी प्रज्ञा कापूस धरलेल्या नाकातनं म्हणाली, "हे तर पिवळं हाय. रगत लाल असतंय ना?" मी म्हटलं, "लाल सगळ्यांकडं असतं. हे खास तुझ्यासाठी काढलंय." ती पिशवीकडं बघत झोपी गेली. उन्हं कलायच्या सुमारास रक्त थांबलं. तिची औषधं अजून चालू आहेत, शाळाही चालू आहे. पुढचं डॉक्टर जाणोत, मी काही ज्योतिषी नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी निघाले होते. मामा आणि मंडळी जीपमध्ये बसत होती. तेवढ्यात सविता धावत खाली आली. "ताई, भाकरी उरली का एखादी?" मला वाटलं, ही बिचारी सकाळपासून उपाशी असेल. म्हटलं, "बाई, डबा तर पुसून खाल्ला सगळ्यांनी." ती म्हणाली, "मला न्हाई. प्रज्ञा मागायली. भूक लागली म्हनती." औषधं सुरू झाल्यापासून त्या पोरीनं अन्नाकडं तोंड केलं नव्हतं. जीपमधली सगळी माणसं खाली उतरली. मुनीरभाई गाडी तशीच चालू ठेवून दूध आणायला पळाला. शेवंताबाईंनी स्टोव्ह पेटवला, वस्तीतल्या दोन बाया पीठ मळायला बसल्या. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, मऊ करून द्या, गरम-गरम द्या. प्रज्ञानं पाऊण भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि उरलेली पाव आईपुढं सरकवून म्हणाली, "आता तू खा." सविता वॉर्डाच्या दारात बसून ती कोरडी पाव भाकरी खात होती आणि रडत होती, दोन्ही एकदमच.